गच्चीवरचा तवा

सुरेखा मगदूमच्या घरात पाणी गाळायचं एक फडकं होतं. त्या फडक्याला घरात जेवढा मान आहे तेवढा आपल्याला नाही, असं तिचे यजमान अण्णाप्पा चारचौघांत सांगायचे, आणि त्यात थट्टेपेक्षा खरंच जास्त असायचं. सकाळी आधी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन, मग गाळलेलं पाणी, मग चूल. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत नाही. भाजी निवडताना अळी निघाली तर ती पानासकट उचलून मागच्या कुंडीत ठेवायची आणि उरलेली भाजी पुन्हा पहिल्यापासून बघायची. पाहुण्यांना या सगळ्याचा जाच वाटायचा. सुरेखाला वाटत नसे. जयसिंगपूरकडच्या माहेरात आईनं हे सगळं अंगात मुरवलं होतं. तिनं ते जसंच्या तसं कोल्हापुरात आणलं आणि साठी आली तरी त्यातला धागा इकडचा तिकडं होऊ दिला नाही.

अण्णाप्पांचं लक्ष्मीपुरीत पेंडीचं दुकान होतं. सरकी, भुसा, गोळी पेंड. माणूस ढिला, हसरा, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसणारा. पण दिवस कलायला लागला की तो गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी अर्धं शटर ओढायचा.

"पावणं, जरा थांबा. जेवून येतो."

"आत्ता? अजून उजेड हाय की!"

"म्हणून तर चाललोय. उजेड गेल्यावर बायको वाढत न्हाय."

मग घरी येऊन मागच्या दारात, मावळतीकडं तोंड करून, दोघं समोरासमोर जेवायला बसत. कलतं ऊन थेट ताटात यायचं. भाकरी मोडता मोडता ते दुकानातलं सांगायचे, ती ऐकल्यासारखं करायची. इतक्या वर्षांच्या संसारात या दोघांनी एकमेकांना गोड शब्द बोललेला कुणी ऐकला नाही, पण ते जेवण चुकवलेलंही कुणी पाहिलं नाही. सुरेखाच्या आयुष्यातलं सुख म्हणून बोट ठेवायचं झालं तर ते तिथंच, त्या दारात.

परसाच्या भिंतीपलीकडं बनाबाई आणि आकाराम राहायचे. आकारामच्या दारात म्हशी, आणि म्हशींना पेंड अण्णाप्पांच्या दुकानातली, त्यामुळं दोन्ही घरांचा घरोबा जुना. बनाबाईचा आवाज असा की तिनं म्हशीला हाक मारली तर गल्लीतली माणसंसुद्धा दचकून उभी राहायची. कोल्हापूरची बाई 'मी करते' म्हणत नाही, 'मी करतो' म्हणते. बनाबाई ते म्हणायची तेव्हा पुढं कुणी काही बोलायचं धाडस करत नसे. तिच्याकडं एक बोका होता. मळकट, हाडकुळा. दुधाच्या घरात राहूनही तो कधी अंगानं भरला नव्हता.

आणि मग अण्णाप्पांच्या किडन्या गेल्या.

साखर होती, रक्तदाब होता, पायाला सूज यायची. ते सगळं त्यांनी पेंडीच्या पोत्याआड दडवून ठेवलं आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ठरल्या दिवशी दवाखान्यात जाऊन मशीनला जोडून घ्यायचं, दुपारनंतर पिळून काढल्यासारखं होऊन घरी यायचं. दुकान विकलं. मुलगी रुचिता पुण्याला नोकरीला, ती सुटी काढून यायची आणि रडून जायची. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, रक्तातलं प्रोटीन फार खाली गेलंय. आहार सांगायला एक तरुण मुलगी होती, तिनं सुरेखाला समोर बसवून सांगितलं, की नुसत्या डाळी आणि पनीर यांवर भागणार नाही, ते या आजारात मोजूनच द्यायचं. अंड्याचं पांढरं मात्र रोज द्या.

"आम्ही जैन हाय," सुरेखा म्हणाली.

"औषध म्हणून द्या, काकू."

सुरेखा पिशवी घेऊन उठायला लागली. शेवटी डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलं. अंगात ताकद राहिली नाही तर मशीनही सोसणार नाही, आणि साधा खोकला झाला तरी त्यातून हा माणूस उठणार नाही. सुरेखाला प्रोटीन कळलं नाही, पण हे कळलं.

घरी येऊन कुणीच तो विषय काढेना. अण्णाप्पा म्हणाले, जाऊ दे, आता कशाला बाटायचं. तोड काढली बनाबाईनं. भिंतीवरून डोकं काढून ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही आमच्या मागच्या पायरीवर या. मी करून देतो. वैनींच्या घराला विटाळ न्हाय, तुमच्या पोटाला आधार. झालं की!"

तसं सुरू झालं. सकाळी अण्णाप्पा भिंतीला वळसा घालून जात. आकाराम पाट टाकायचा. बनाबाई बिडाच्या जुन्या तव्यावर अंड्याचं पांढरं ओतायची, वर मिरपूड, कोथिंबीर. उकडलेलं अंडं अण्णाप्पांच्या घशाखाली उतरत नव्हतं, उलटी व्हायची. पण हे गरमागरम उतरायचं. आकाराम म्हशींचं सांगायचा, अण्णाप्पा पेंडीचं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी मान डोलावली. आकडा थोडा वर आला होता. ओठांवर थोडा रंगही आला होता.

याच वेळी बस्तीत शालूबाई नावाच्या एका बाईनं अगदी मायेनं विचारलं, "अगं, तुमचे मालक शेजाऱ्यांच्या दारात बसून खातात म्हणे?"

सुरेखाच्या अंगाची आग झाली. पण शालूबाई हे निमित्त होतं. बाईमाणसाला जिव्हारी लागतं ते नेहमी दुसरंच असतं. त्या आधी दोन दिवस ती परसात कपडे वाळत घालत होती आणि भिंतीपलीकडून तिला अण्णाप्पांचं हसू ऐकू आलं होतं. मोकळं, पोटातून आलेलं. तिच्या समोर बसून जेवताना त्यांना आताशा भाकरीचा चतकोर संपत नव्हता, घास तोंडात घोळत राहायचा, आणि तिकडं, परक्या पायरीवर, अंडं खाताना हा माणूस हसत होता.

त्या संध्याकाळी ताट वाढून झाल्यावर ती म्हणाली, "उद्यापासनं त्या पायरीवर बसायचं न्हाय."

"आणि खायचं काय मग?"

"मी करतो."

अण्णाप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. "तू करणार?"

"मीच. पण माझ्या गळ्याची आण घ्या. तिच्या हातचं परत खायचं न्हाय."

त्यांनी आण घेतली. बायको आपल्यासाठी अंड्याला हात लावते आहे, या गोष्टीनं त्यांचे डोळे भरून आले होते. त्या भरात माणसानं कसलीही आण घेतली असती.

आता सुरेखानं ठरवलं म्हणजे ते अर्धंमुर्धं असायचं नाही. घरात अंडं शिजणार नाही, हे तर ठरलेलंच. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ पत्र्याचा आडोसा होता, तिथं तिनं विजेची शेगडी नेऊन ठेवली. रुचितानं पुण्याहून नॉनस्टिक तवा पाठवला, काळाभोर, गुळगुळीत, आणि सोबत एक लाकडी उलथनं. फोनवर तिनं बजावून सांगितलं, "आई, याला तेल लागत नाही, घासावंही लागत नाही. नुसतं पुसून घ्यायचं. पण एक लक्षात ठेव, याला स्टीलचं, लोखंडाचं काही लावायचं नाही. लाकडीच वापर." सुरेखा म्हणाली, बरं.

बरं म्हणाली आणि लाकडी उलथनं प्लॅस्टिकच्या पिशवीसकट माळ्यावर ठेवून दिलं.

तिचं म्हणणं तिच्या दृष्टीनं अगदी सरळ होतं. लाकूड पितं. त्याच्यात जे मुरतं ते धुतलं तरी जात नाही. मातीचं भांडं बाटलं तर फोडायचं, लाकडाचं बाटलं तर चुलीत घालायचं. धातूचं मात्र राखेनं घासलं, आगीवर धरलं, की शुद्ध. आईनं, आईच्या आईनं हेच सांगितलेलं. म्हणून तिनं स्टीलचं लांब दांड्याचं उलथनं काढलं. अण्णाप्पांनी एकदा म्हणून बघितलं, "पोरगी म्हणाली ते लाकडी घे की."

"लाकूड पितं. स्टील घासलं की झालं, भाजलं की झालं."

यावर काय बोलणार? कोल्हापुरात कुस्तीत हरलेला पैलवान उलट बोलेल, पण सुरेखाच्या सोवळ्यापुढं कुणी बोलत नाही, हे अण्णाप्पांना अनुभवानं माहीत होतं.

तिची रीत बघण्यासारखी होती, पण बघायला तिथं कुणी नसायचं. अंडी अण्णाप्पांनीच पलीकडच्या गल्लीतून खिशात घालून आणायची. गच्चीवर जाऊन ती पदर नाकावरून घट्ट गुंडाळून घ्यायची. अंड्याला खिळ्यानं भोक पाडून पांढरं तव्यात गळू द्यायचं, पिवळं कवचातच ठेवून पिशवीत बांधायचं, म्हणजे बोटाला काही लागायला नको. चर्र आवाज झाला की ती मान फिरवायची, टाकीकडं बघायची आणि तोंडानं णमोकार मंत्र म्हणत हातातलं उलथनं खरडत राहायची. अंदाजानं उलटायचं, अंदाजानं ताटलीत टाकायचं. ताटली कठड्यावर ठेवून खाली हाक मारायची, "झालंय हो!" आणि ते वर येईपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. खाऊन झाल्यावर ताटली त्यांनीच धुवायची. मग ती तवा घ्यायची. पुसून घेण्यावर तिचा विश्वास नव्हता. तारेची घासणी, राख, पुन्हा तारेची घासणी, आणि शेवटी रिकामा तवा शेगडीवर, वाफ निघेतोवर. आग लागली की काही उरत नाही, असं तिला वाटायचं.

सुरुवातीला अंडं तव्यावरून आपसूक सरकायचं. मग चिकटायला लागलं. चिकटायला लागलं तसं ती जोरानं खरवडू लागली, आणि जोरानं खरवडलं तसं ते जास्तच चिकटू लागलं. पण ही गंमत कळायला तव्यात बघावं लागतं. सुरेखानं त्या तव्यात कधी बघितलंच नाही.

आणखी एक गोष्ट तिनं केली होती. अंडं शिजवायच्या पहिल्याच दिवशी बस्तीत जाऊन तिनं नियम घेतला, की घरात अंडं आहे तोवर दिवसातून एकदाच जेवायचं. एकाशन. पाप पदरात घेतलंय तर त्याची किंमतही आपणच द्यायची, हा तिचा हिशेब. अण्णाप्पांना हे संध्याकाळी कळलं, तिनं एकच ताट वाढलं तेव्हा.

"तुझं?"

"माझा नियम हाय आता."

मागच्या दारातलं ऊन त्या दिवसापासून एकाच ताटात पडू लागलं. ती समोर बसायची, पण हात मांडीवर ठेवून. बायको उपाशी समोर बसलेली असताना कुणाला घास गोड लागतो? अण्णाप्पा दोन घास खाऊन उठायचे.

एकदा गच्चीवर त्यांनी तिला हाक मारली होती. पालथ्या बादलीवर बसले होते, ताटली हातात. म्हणाले, "सुरेखा, जरा समोर येऊन बस की. एकट्याला न्हाय जात."

"वास येतो हो," ती म्हणाली, आणि जिना उतरून खाली आली.

पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अंडी नेमानं देताय ना?"

"माझ्या हातानं करतो रोज," सुरेखा ताठ मानेनं म्हणाली. खोटं नव्हतंच ते. शेजारी बसलेले अण्णाप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. डॉक्टरांनी अंडी वाढवायला सांगितली. तिनं वाढवली. आकडा आणखी खाली गेला. डॉक्टर म्हणाले, आता शरीरच घेत नाहीये, आजार पुढं गेलाय. औषध बदललं, मशीनचा वेळ बदलला. अण्णाप्पांच्या गालांची हाडं वर आली, अंगठी बोटात फिरायला लागली. सुरेखा आणखी जोरानं तवा घासायला लागली. आपल्या हातूनच शुद्धीत काही कमी पडतंय, म्हणून गुण येत नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ताटली मात्र रोज लख्ख धुतलेली असायची. निदान खातायत तरी सगळं, एवढंच तिला समाधान.

पावसाळ्यात अण्णाप्पांना खोकला झाला. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. दवाखान्यात नेलं, नाकाला नळी लावली, आणि चौथ्या दिवशी सकाळी मशीनच्या त्या खोलीशेजारच्या खाटेवर ते गेले.

दिवस झाले. पाहुणे पांगले. रुचिता काही दिवस राहिली आणि एका सकाळी गच्चीवरचा पसारा आवरायला वर गेली. तिथूनच तिची हाक आली, "आई, जरा वर ये."

सुरेखा वर गेली. रुचिताच्या हातात तवा होता.

"यावरचं काळं कुठं गेलं?"

"कसलं काळं?"

"हा काळा होता, आई. सगळा काळा. हे बघ."

सुरेखानं त्या तव्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मधे ताटलीएवढा पांढराफटक चट्टा, त्यावर आडव्या-उभ्या खरवडल्याच्या रेघा, आणि कडेला उरलेलं काळं पापुद्र्यांनी सुटत आलेलं. रुचितानं नख लावलं तर एक कपची तिच्या बोटाला चिकटून आली.

"स्टीलनं करत होतीस?"

काळं कुठं गेलं, या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते दोघींनाही कळलं होतं. रोज सकाळी, नाकाला पदर लावून, देवाचं नाव घेत घेत, तिनं ते आपल्या माणसाच्या ताटात खरवडून घातलं होतं.

"मी मारलं गं त्यांना," सुरेखा म्हणाली. "मी विष घातलं."

रुचिता घाबरली. तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला, फोन आईच्या कानाशी धरला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की ते कण पोटात गेले तरी तसेच बाहेर पडतात, अंगात भिनत नाहीत, त्यानं कुणी मरत नाही. अण्णाप्पा गेले ते अशक्तपणानं. प्रोटीन नव्हतं, ताकद नव्हती. तुम्ही तर एवढं केलंत, काकू, मनाला लावून घेऊ नका.

रुचिताला सुटल्यासारखं झालं. सुरेखाला झालं नाही. डॉक्टर परगावचा, शिकलेला, त्याला काय ठाऊक घरातलं? पोटात कधी दुखलं असेल, ते हिला बोलले नसतील. पण कुणाला तरी बोलले असतीलच. आणि अण्णाप्पा कुणाशी बोलायचे हे तिला माहीत होतं. रुचिता पुण्याला गेली त्या दुपारी ती भिंतीला वळसा घालून बनाबाईच्या मागच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. या पायरीशी ती इतक्या वर्षांत कधी आली नव्हती.

बनाबाईनं पाट टाकला. सुरेखा बसली नाही.

"बनाताई, खरं सांगा. त्यांच्या पोटात दुखायचं काय? तुमाला कधी बोलले?"

"न्हाय, वैनी."

"ते काळं जायचं ना अंड्यातनं. तव्याचं."

बनाबाईचा चेहरा बदलला. म्हशीला हाकारणारी ती बाई पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे वैनी. गेलेल्या माणसाचं कशाला?"

"माझी आण हाय तुमाला. सांगा."

"न्हाय ओ दुखायचं पोटात. पोटात जायचंच न्हाय ते."

सुरेखाला समजलं नाही.

"पयल्यांदा काळं निवडून टाकायचे आणि खायचे," बनाबाई म्हणाली. "तुमची गच्ची इथनं दिसती, मी बघायचो. मग लई काळं यायला लागलं. दाताखाली यायचं, त्यास्नी मळमळायचं. एकदा उलटी झाली कठड्याशी. त्या दिवसापासनं खायचेच न्हाईत. आमचा बोका यायचा भिंतीवरनं, त्याच्याम्होरं टाकायचे. मग ताटली धुवून खाली यायचे."

सुरेखा आता पाटावर बसली.

"मी म्हटलं त्यास्नी, वैनी. दहादा म्हटलं. अण्णा, मी करून देतो, भिंतीवरनं देतो, कुणाला दिसायचं बी न्हाय. तर म्हणाले, तिच्या गळ्याची आण घेतलीया. म्हटलं, मग वैनीला सांगा तवा खराब झालाय म्हणून. तर म्हणाले..." बनाबाई थांबली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ती बिचारी देवाला सोडून माझ्यासाठी अंडं करतीया, एकवेळ उपाशी ऱ्हातीया. तिला कुठल्या तोंडानं सांगू, की मला हे जात न्हाय?"

पुढचं बनाबाई काय काय बोलली ते सुरेखाला ऐकू आलं नाही. मी सांगायला पायजे होतं वैनी, मला माफ करा, असं काहीतरी ती रडत म्हणत होती. सुरेखाला तिचा राग आला नाही. राग यायला आत काहीतरी शिल्लक लागतं. ती भिंतीला वळसा घालून घरी आली.

विष असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. विष म्हणजे निदान एक चूक. माहीत नव्हतं, हातून झालं, असं म्हणून कपाळ बडवून घेता आलं असतं. पण त्यांच्या पोटात तिच्या हातचं काही गेलंच नव्हतं, ना चांगलं, ना वाईट. बनाबाईच्या पायरीवर ते खात होते, हसत होते, आकडा वर येत होता, आणि तिथून तिनं त्यांना आण घालून उठवलं. उठवून गच्चीवर एकटं बसवलं. समोर बस म्हणाले, तर वास येतो म्हणाली. आणि मग तो माणूस तिच्याच डोळ्यांसमोर, तिचं मन राखत राखत, उपासमारीनं गेला. डॉक्टरांसमोर तिनं ताठ मानेनं सांगितलं होतं, माझ्या हातानं करतो रोज. शेजारी बसून ते खिडकीबाहेर बघत होते.

अंडं शिजवलं त्याचं प्रायश्चित्त तिला ठाऊक होतं. एकाशन करता येतं, उपवास करता येतो, मुनिमहाराज आणखी काही सांगतील तर तेही करता येतं. या दुसऱ्या गोष्टीला काय करायचं, हे तिच्या आईनं सांगितलं नव्हतं, आईच्या आईनंही नाही. बस्तीत जाऊन कुणाला विचारायचं म्हटलं तर कशाचं पाप म्हणून सांगायचं, तेही तिला कळेना. पाप तर सगळं शुद्ध राहावं म्हणूनच झालं होतं.

घरात आता अंडं नव्हतं. म्हणजे नियम सुटला होता. दोन वेळा जेवायला मोकळीक होती.

दिवस कलायला लागला तशी ती सवयीनं उठली. चार घास भात केला, आमटी केली. मागच्या दारात पाट टाकला, आणि हात चुकून दुसराही पाट टाकून बसला. तो तिनं उचलला नाही. ताट वाढून ती मावळतीकडं तोंड करून बसली. ऊन थेट ताटात आलं, पूर्वी यायचं तसं.

भिंतीवरून धप्प आवाज झाला. बनाबाईचा बोका खाली उतरला. शेपटी वर करून तो सरळ दारापाशी आला, दुसऱ्या पाटाचा वास घेतला, आणि त्यावर चढून, तिच्याकडं तोंड करून बसला. या घरातून आपल्याला खायला मिळतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुरेखानं त्याला हाकललं नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली. पूर्वी त्याच्या फासळ्या मोजता यायच्या. आता मान भरली होती, पोट गोल झालं होतं, आणि कलत्या उन्हात त्याची सगळी केसाळ पाठ तुकतुकीत चमकत होती.

तिनं भाताचा घास उचलला. तो तोंडापर्यंत जाईना. बोका वाट बघत बसून राहिला, आणि ताटातलं ऊन हळूहळू सरकत भिंतीवर गेलं, भिंतीवरून गेलं. दिवस मावळला. आता जेवता येत नव्हतं.